पिर्गाहून परत गेलेला

दहावीत पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) तासाला सरांनी नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायातील 13 वे वचन फळ्यावर लिहिले आणि ‘परत गेला’ या शब्दांखाली खडूने रेघ ओढली. येशूचे अनुयायी पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेसाठी निघालेला तरुण मार्क पंफुल्यातील पिर्गा येथून त्यांना सोडून यरुशलेमेला परत गेला. का गेला, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक याने सांगितलेले नाही. “लूकने कारण लिहिलेले नाही, तेव्हा आपणही आपल्या मनाचे कारण त्याच्या माथी मारायचे नाही,” असे सर म्हणाले.

तेव्हा ते वचन माझ्यासाठी नाही, असेच मला वाटले, कारण माझे पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाने मला दिलेली हाक, मला स्पष्ट दिसत होते. पुढे मी ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाला गेलो, दुसऱ्या वर्षी ग्रीकमध्ये दोनदा नापास झालो आणि त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. वडिलांसाठी घरी आलो, असे मी सर्वांना सांगत असे. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. वडील वर्षभरात प्रभूकडे गेले, तरी मी सात वर्षे कारकुनी करीत राहिलो. नापास झाल्याचे दुःख पचले असते. पचत नव्हती ती ही शंका, की आपल्याला पाचारण झालेच नव्हते आणि आपण आपल्याच इच्छेला देवाची वाणी समजून बसलो. उपासनेला जाई, पण शेवटच्या बाकावर बसे आणि आशीर्वादवचन संपण्याआधी बाहेर पडे.

एका रविवारी सर माझ्या आधी दाराशी येऊन उभे होते. त्यांनी ना विचारपूस केली, ना उपदेश. “शब्बाथ शाळेतल्या लहान मुलांना शिकवायला कोणी नाही. पुढच्या रविवारी लवकर ये,” एवढेच बोलून त्यांनी माझ्या हातात हजेरीची वही दिली. वहीत पाच नावे होती.

त्या पाच मुलांना शिकवता यावे म्हणून मी प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचायला घेतली आणि 15 व्या अध्यायात अडखळलो. दुसऱ्या फेरीच्या वेळी मार्काला बरोबर घेण्यास पौलाने नकार दिला आणि त्यावरून त्याचा व बर्णबाचा एवढा तीव्र मतभेद झाला की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रत्येक अपयशाला देवाची योजना म्हणून मोकळे होणे मला त्यामुळे पटत नाही. मार्काच्या परत जाण्याने दोन जिवलग सहकारी दुरावले आणि पवित्र शास्त्र ते झाकून ठेवत नाही. परंतु 9 व्या अध्यायात, पूर्वी शिष्यांचा छळ केलेल्या याच पौलाला यरुशलेमेतील शिष्य भीत होते, हा खरोखर शिष्य झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबाच होता. त्याच बर्णबाने आता मार्काला घेतले आणि तो कुप्रास (सायप्रस बेटावर) निघून गेला. पुढच्या वर्षांत काय घडले, ते कृत्यांत नाही; तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात मात्र बंदिवासातला पौल मार्काला घेऊन यायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. ज्याला नको म्हटले, त्यालाच मागून घेतले. परंपरा तर आपल्या हातातील एक शुभवर्तमान याच मार्काचे मानते.

मी पुन्हा शिक्षणाला गेलो आणि तिसऱ्या प्रयत्नात ग्रीक उत्तीर्ण झालो. पाचारणाबद्दलची शंका एका दिवसात फिटली नाही. ती शिकवता शिकवता, आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना करता करता मागे पडत गेली. माझ्या दीक्षाविधीला सर पहिल्या बाकावर होते.

त्यांच्या निधनानंतर त्यांचे पवित्र शास्त्र घरच्यांनी माझ्या स्वाधीन केले. तीमथ्याच्या पत्रातील त्या वचनाशेजारी, समासात, पेन्सिलने तीन नावांची आद्याक्षरे लिहिलेली आहेत. मधली माझी आहेत. उरलेले दोघे आपल्याच शाळेचे असावेत, असे मला वाटते. शाळेची ही स्मरणिका त्यांच्या हाती पडली, तर त्यांनी मला अवश्य कळवावे. ते पान त्यांना दाखवायचे राहिले आहे.