लोईकची पोस्टकार्डं

शनिवार, रात्री उशिरा

फ्रेंच दिग्दर्शक फिलिप लिओरेचा 'झ व्हे ब्यँ, न ताँ फे पा' आज पुन्हा पाहिला. 'मी बरा आहे, काळजी करू नकोस'. २००६ सालचा सिनेमा, ओलिव्हिए आदामच्या कादंबरीवरचा. ज्यांना तो अजून बघायचाय त्यांनी पुढे वाचू नये, कारण मला त्यातल्या गुपिताबद्दलच लिहायचंय.

१९ वर्षांची लिली सुटी संपवून बार्सिलोनाहून पॅरिसच्या उपनगरातल्या घरी येते, तर जुळा भाऊ लोईक घरात नाही. बाबांशी भांडून निघून गेला, एवढंच सांगतात. ती फोन करत राहते, तो उत्तर देत नाही. तिचं अन्न तुटतं, हॉस्पिटलात ठेवावं लागतं. मग लोईकचं पत्र येतं आणि ती पुन्हा घास घ्यायला लागते. त्यानंतर गावोगावाहून पोस्टकार्डं येत राहतात आणि त्यांत बापाचा उद्धार असतो.

भावाला शोधत ती समुद्रकाठच्या एका गावात जाते. तिथे तिला पेटीत कार्ड टाकणारा माणूस दिसतो. तिचे बाबा.

लोईक कड्यावर चढताना पडून गेलेला असतो. मुलगी जगावी म्हणून बाप मेलेल्या मुलाच्या नावानं लिहीत होता. आणि लिहीत काय होता, तर स्वतःलाच शिव्या! हे मला आजही सोसवलं नाही. जेवणाच्या टेबलावर ती कार्डं वाचते तेव्हा त्याला गप्प बसून ऐकावं लागतं. बाप झालेला काद मेराद हा खरं तर विनोदी नट, पण इथे त्याचा चेहरा मिटलेला, थकलेला. त्याला आणि लिली झालेल्या मेलानी लोराँला २००७ साली सेझार हे फ्रेंच सिनेमाचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच झालं. मला तर वाटतं, त्या शिव्या लिहिणं हाच त्या बापाचा शोक होता. दुसरीकडे कुठे रडणार होता तो?

आपल्याकडेही हे चालतंच. माझ्या मामेबहिणीची बारावी चालू असताना आजोबा गेले. पेपर संपेपर्यंत तिला कळू दिलं नाही. सगळ्यांनी मायेपोटीच केलं. पण तिला आजोबांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही, ते नाहीच. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो, तिच्या वाट्याला आलं ते कोरडं सांत्वन.

म्हणून शेवटी, बाबांच्या गाडीच्या डिकीत लोईकची गिटार सापडते तेव्हा मी फक्त लिलीकडे बघत असते. भाऊ आता नाही हे तिला कळतं, आणि ती बोलत नाही. आता तीही आईबाबांना सांभाळणार. बापावर माझी कितीही माया असली तरी हे मला पटत नाही. या पोरीनं एकदा तरी त्या दोघांसमोर भावाचं नाव घेऊन मोठ्यानं रडायला हवं होतं.