अगं बाई, उडाली!

पंचावन्नाव्या वर्षी मी ऑडिओ एडिटिंग शिकायला घेतलं, तेव्हा घरात कुणी काही विचारलं नाही. बोन्सायच्या प्रकरणानंतर त्यांनी विचारणं सोडलंय. लेकीचा जुना लॅपटॉप, त्यात ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर, एवढं भांडवल. कापायला आवाज मात्र हवा होता. तो पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी दिला.

अण्णांच्या गच्चीवर ढाबळ आहे. लांबून सोडली तरी घर गाठणारी कबुतरं. त्यांना आधी दोन-पाच किलोमीटरवरून सोडतात, मग दहा, मग वीस. अण्णांचा गुडघा धरल्यापासून गाडी माझी. रविवारी पहाटे बारा कबुतरांची पाटी मागच्या सीटवर ठेवली, सगळी उपाशी. पोट भरलेलं कबुतर घरी जायची घाई करत नाही म्हणे.

मोहदरी घाट चढून सिन्नरच्या अलीकडे थांबलो. ‘‘दहा मिनिटं आभाळ बघू दे त्यांना, ताई,’’ अण्णा म्हणाले. मग मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि झाकण उघडलं. मला फडफड अपेक्षित होती. आवाज आला तो ओली सतरंजी कुणीतरी भराभर झटकल्यासारखा. आणि नेमकी त्यावर माझी किंकाळी, ‘‘अगं बाई!’’

घरी येऊन बघते तर स्क्रीनवर सगळं लाल. आवाज इतका मोठा, की लाटांची टोकंच छाटली गेलेली, आणि छाटलेलं टोक काही परत येत नाही. पुढच्या रविवारी लेव्हल निम्म्यावर आणली, वाऱ्यासाठी फोनला पायमोजा चढवला. ‘अगं बाई’ तरीही आलंच.

ते काढायला दोन संध्याकाळी गेल्या. लाट मधल्या रेषेला टेकते तिथंच कापायचं, नाहीतर सांध्यावर ‘टक्’ वाजतं. गोधडी शिवणारीला हे वेगळं शिकवायला नको. मग ८० हर्ट्झखालचं, म्हणजे सेकंदाला ऐंशीपेक्षा कमी लाटांचं, सगळं गाळून टाकलं. हायवेवरच्या ट्रकची घरघर गेली, वारा गेला. काय छान झालं होतं!

त्याच आठवड्यात वाचनात आलं, की माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकू येत नाही, पण कबुतराला पार ०.०५ पर्यंत येतं. १९७९ सालच्या प्रयोगांतली गोष्ट. म्हणजे वीस सेकंदांत एक लाट! सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास यांच्या जोडीला अशा खोल आवाजांवरूनही ती घर शोधत असावीत, असं काही संशोधकांना वाटतं; त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. माझ्या फोनला त्यातलं काही लागलंही नसेल. तरी ‘घरघर’ म्हणून सगळं झाडून टाकलेलं आठवलं आणि जरा ओशाळले.

अण्णांना इयरफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी दोनदा ऐकलं.

‘‘कबरं कुठंय?’’

‘‘कुठलं कबरं?’’

‘‘शेवटी पाटीच्या काठावर बसून राहिलं होतं ते. यात गेलंच नाही ते.’’

खरंच होतं. अकरा उडाल्यावर चौदा सेकंद नुसती शांतता होती, म्हणून मी तिथूनच कापलं होतं. मूळ फाइल ठेवली होती, हे नशीब. अण्णांसमोरच ते चौदा सेकंद परत जोडले. वारा, लांबचा ट्रक, अण्णांचं ‘‘जा की रे’’, आणि मग एकट्याची फडफड.

‘‘हां,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आता झाले बारा.’’