वाफसा

सहावीत मराठीच्या सरांनी निबंधाऐवजी वेगळंच काम दिलं. घरी आज्जी-आजोबांना पावसाची नावं विचारायची आणि वहीत लिहून आणायची. आज्जी शेंगा फोडत होती. हात न थांबवता सांगत गेली: वळीव, भिजपाऊस, झड, बुरंगट. मग नक्षत्रं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. म्हातारा का, विचारलं तर म्हणाली, "दमानं पडतो लेकरा, पण रानात मुरतो." पान भरलं.

पुढं एकदा रात्री पाऊस झाला आणि सकाळी सर आम्हाला शाळेमागच्या रानात घेऊन गेले. मातीचा मुटका वळून त्यांनी कमरेच्या उंचीवरून सोडला. तो थबकन् बसला. "वाफसा नाही अजून." दोन दिवसांनी पुन्हा नेलं. या वेळी मुटका पडला तो फुटून मोकळाच झाला. ओल आहे पण चिखल नाही, बी टाकलं तर त्याला हवा मिळेल, एवढं सगळं त्या एका शब्दात होतं. आम्हाला तो हाताला कळला.

बांधावरच्या लिंबावर पावश्या ओरडत होता, पेरते व्हा! हा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, असं सरांनी सांगितलं. घरी आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "असंल. पर सांगावा तोच आणतो की." त्या पाखरावर तिनं कुणाला गलोल उचलू दिली नाही.

आता आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडं खरिपात जिकडंतिकडं सोयाबीन. खरिपाची ज्वारी गेली, आणि पीक पोटरीत आलं म्हणजे कणीस अजून पानात, निसवलं म्हणजे ते बाहेर पडलं, चिकात आहे म्हणजे दाण्यात दूध भरलं, हे बोलणंही निम्मं गेलं. याचं मला फार वाईट वाटतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, रब्बीच्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत आंबिल शिंपडतो, तेवढ्यापुरती ती भाषा शिवारात परत येते.

काही वर्षांपूर्वी पहिल्याच सरीवर मी पेरून बसलो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं. ते ठाऊक होतं, सरांचा मुटकाही ठाऊक होता. शेजाऱ्यांची तिफण चाललेली बघून धीर सुटला. पावसानं ओढ दिली, बी वाया गेलं, दुबार पेरावं लागलं.

यंदा मृगात मुलाला रानात नेलं. मुटका त्यानंच वळला, त्यानंच सोडला. फुटला नाही.

"मग थांबू," तो म्हणाला.

ट्रॅक्टरवाल्याला मी फोन केला, उद्या नको, परवा बघू.