आशा देशमुख, बा आणि पार्वती

२२ फेब्रुवारी

आज बांचा, म्हणजे कस्तुरबा गांधींचा स्मृतिदिन. १९४४ साली याच तारखेला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच त्या गेल्या. सेवाग्राम आमच्या वावरापासून जवळ, म्हणून घरात ही तारीख लक्षात असते. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाईलवर ‘गांधी’ सिनेमा लावला. आई दिवसभर हरभरा सोंगून थकली होती, तरी बसली. जरा वेळानं पडद्यावरच्या बांकडे पाहून म्हणाली, "हे त ‘चार दिवस सासूचे’ मालिकेवाली आशा देशमुख व्हय ना वं?"

व्हय, तीच. रोहिणी हट्टंगडी.

पुण्याची मुलगी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकली, १९७४ मध्ये बाहेर पडली, मग दिग्दर्शक नवरा जयदेव हट्टंगडींसोबत नाटकंच नाटकं. पुढे ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोगही केला. ‘गांधी’ आला १९८२ मध्ये. तेव्हा त्या तिशीच्या आसपास, आणि पडद्यावर तरुण बांपासून थकलेल्या बांपर्यंत सगळं वय त्यांनी एकटीनं पेललं. त्यासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला.

मी अडकते ती संडास साफ करण्याच्या प्रसंगाशी. बा नाही म्हणतात. गांधीजी संतापून त्यांना दाराकडे ओढत नेतात. लाज नाही वाटत का, मी जाऊ कुठे, असं त्या विचारतात, पण आवाजात विनवणी औषधालाही नाही. हा बाईचा हिशेब मागणारा आवाज आहे. शरमतो तो नवरा, आणि मग समजूतही तीच काढते. सेवाग्रामला बा कुटी पाहताना मला हाच आवाज आठवतो. आदि निवासात, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरात, सगळ्यांच्या गर्दीत बांची अडचण व्हायची, म्हणून जमनालाल बजाजांनी ती वेगळी बांधून दिली. म्हणजे या बाईलाही स्वतःची जागा लागत होती. रोहिणीताईंनी ते ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

एक मात्र खुपतं. त्यानंतर त्यांना आयाच दिल्या गेल्या. ‘अग्निपथ’मध्ये तर अमिताभची आई, जो वयानं त्यांच्याहून कितीतरी मोठा! नटांना पन्नाशीतही नायक होता येतं. पण ‘सारांश’ सिनेमातली त्यांची पार्वती पाहिली की वाटतं, आईच्या भूमिकेतही या बाईनं कधी हात आखडता घेतला नाही. तरणा मुलगा गेलेली ती आई, तो घरातल्या भाडेकरू मुलीच्या पोटी परत येणार, या एका आशेवर जगते. नवरा हे मानत नाही. बघणाऱ्यालाही पटत नाही, पण तिला वेडी म्हणायची हिंमत होत नाही.

आमच्या गावात अशा आया आहेत. कर्जापायी पोरगा गेला, आणि अजूनही त्याच्या वाटणीची भाकर थापतात. शहाणी माणसं त्यांना समजवायला जातात. रोहिणीताईंची पार्वती मी त्यांच्यासोबत बसून पाहीन, शहाण्या माणसांना मात्र सोबत बसवणार नाही.