कीबोर्ड चिपळूणला, कॉम्प्युटर नाशिकला

मी मुद्रितशोधक. कामाचं मशीन नाशिकला घरी, कपाटावर ठेवलेला एक मिनी पीसी. त्यावर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली), लिबरऑफिस (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) आणि वर्षानुवर्षं जमवलेले फाँट. पण बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर निम्मा महिना माहेरी, चिपळूणला जातो. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते बुद्धिबळ खेळतात, पेपर वाचतात. त्यात माझा पसारा नको. म्हणून मी तिथे फक्त क्रोम उघडते, आणि नाशिकचा अख्खा डेस्कटॉप एका टॅबमध्ये येतो. बाबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "अगं, मग आत्ता तू टाइप करतेस ते इथे उमटतंय की तिथे?" तिथे, बाबा. इथे नुसतं चित्र दिसतं.

ब्राउझरमधला डेस्कटॉप म्हटला की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक प्रकार म्हणजे वेबपानावरच जावास्क्रिप्टने रचलेला डेस्कटॉप. २००५ साली स्पेनमध्ये आयओएस निघालं (आय म्हणजे डोळा, आयफोनवालं नव्हे), पुढे ते तिथल्याच टेलेफोनिका या टेलिफोन कंपनीने घेतलं. आजचं त्या जातीतलं नाव म्हणजे प्युटर. मी ते हौसेने वापरून पाहिलं. दिसतं सुरेख, उघडतंही पटकन. पण खिडक्या, टास्कबार, घड्याळ हे सगळं माझ्याकडे आधीच आहे. तेच पुन्हा ब्राउझरच्या आत मिळून मी काय करू? मला हवं होतं माझं लिबरऑफिस, माझा मराठी शब्दकोश आणि माझे फाँट. ते तिथे नव्हते.

दुसरा प्रकार म्हणजे खरा डेस्कटॉप दूर कुठेतरी चालतो आणि ब्राउझर फक्त त्याचं चित्र दाखवतो. माझ्याकडे त्यासाठी अपाची ग्वाकामोली ही मोफत प्रणाली आहे. नाशिकच्या मशीनवर तिचा सर्व्हर बसवला की समोरच्या कॉम्प्युटरवर काहीच बसवावं लागत नाही, पानावरच्या कॅनव्हासवर सगळं रंगवलं जातं. फाँटही नाशिकचेच दिसतात, त्यामुळे बाबांच्या मशीनवर कुठला फाँट आहे आणि कुठला नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. (हे पान उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका. मी टेलस्केलमधून, म्हणजे फक्त माझ्याच मशीनांना जोडणाऱ्या खाजगी नेटवर्कमधून आत जाते.)

आता मुद्रितशोधकाची खरी अडचण: अनुस्वार. नेट मंदावलं की ग्वाकामोली चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवते. फोटोला ते चालतं, अक्षराला नाही. कडा धूसर होतात, आणि 'त्याना' आहे की 'त्यांना' हे डोळे बारीक करून बघावं लागतं. माझं पोटच त्या टिंबावर! सेटिंगमध्ये चित्र न दाबता पाठवण्याचा पर्याय आहे, तो चालू केला. पानं किंचित सावकाश सरकतात, पण टिंब टिंबासारखं दिसतं.

कॉपी-पेस्टनेही छळलं. सुरुवातीला जोडणी व्हीएनसीवरून होती; दूरचा डेस्कटॉप दाखवायचा तो एक प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली पद्धत. त्या प्रोटोकॉलच्या मूळ व्याख्येत क्लिपबोर्डला फक्त लॅटिन-१ मधली, म्हणजे पश्चिम युरोपची अक्षरं ठाऊक. संपादकाच्या मेलमधला परिच्छेद आत चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग उभी. जोडणी आरडीपी या मायक्रोसॉफ्टच्या तशाच प्रोटोकॉलवर नेली, आतल्या बाजूला त्याचा लिनक्सवरचा सर्व्हर एक्सआरडीपी बसवला, आणि देवनागरी नीट ये-जा करू लागली. पानाचा पत्ता एचटीटीपीएसचा असला पाहिजे, नाहीतर ब्राउझर क्लिपबोर्डला हात लावू देत नाही. टायपिंगचं म्हणाल तर बाहेरचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आतल्या डेस्कटॉपवर लावायचा. दोन्हीकडे मराठी लावली की कुणी काय बदललं याचा पत्ता लागत नाही.

आणि कंट्रोल-डब्ल्यू. आतली फाइल बंद करायला दाबलं की क्रोम ते स्वतःसाठी समजतो आणि अख्खा डेस्कटॉपच मिटवतो. एफ-११ दाबून पूर्ण स्क्रीन केली की हे बटण आत पोचतं. ऑल्ट-टॅब मात्र तरीही बाहेरचाच कॉम्प्युटर गिळतो. यापुढे सगळं ब्राउझरमध्येच होईल, कॉम्प्युटरचा स्वतःचा डेस्कटॉप लागणारच नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी दिवसभर कीबोर्डवर काम करून बघावं. माउसवाल्यांना यातलं काही जाणवायचंही नाही.

तरी मी हे का सोडत नाही? कोकणातली लाइट. पावसाळ्यात ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि बाबांच्या मशीनला बॅटरी नाही. स्क्रीन काळी होते. पण नाशिकच्या मशीनला त्याची गंधवार्ता नसते. ते राउटरसकट इन्व्हर्टरवर आहे, आणि जोडणी तुटली तरी एक्सआरडीपी आतलं काम बंद करत नाही. लाइट आली, पुन्हा लॉगिन केलं, की कर्सर ज्या शब्दावर होता तिथेच असतो. सेव्ह न केलेलंसुद्धा जागेवर. मध्येच चहाला उठायची तेवढी सोय होते.

व्हिडिओ कॉल मात्र त्या टॅबमध्ये घेऊ नये. तो फोनवरच बरा. छापायचं असेल तर आत पीडीएफ करायचं, बाहेर उतरवायचं, मग बाबांच्या प्रिंटरला द्यायचं. हा द्राविडी प्राणायाम आहे, पण त्यांचा प्रिंटर तसाही आठवड्यातून एकदा चालण्याच्या मूडमध्ये असतो.

मोबाइलचा टॉवरच बंद पडला तर यातलं काहीच चालत नाही. म्हणून चालू पुस्तकाची एक प्रत पेनड्राइव्हवर असते, आणि बाबांच्या मशीनवर लिबरऑफिस शेवटी टाकलंच.