बुजवलेली कमान

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या ओस गावी मी गेले होते ते सेंट मार्टिन चर्चच्या दक्षिण भिंतीचं रेखाटन करायला. गाव कधीच उठलं, चर्चवर छप्पर नाही, मनोराही १९५९ साली अर्धा कोसळला. फोटोंवरून नकाशा तयार होता, म्हणून साहेबांनी भिंतीला एकच दिवस दिला होता.

फोटोत भिंत दिसते, सांधा दिसत नाही. सावलीची रेघ आणि दगडाची कड फोटोत सारखीच. ती ओळखायला दगडावर बोटच फिरवावं लागतं. एकास वीस प्रमाण, रेखाटनाचा पारदर्शक फिल्म-कागद, कडक 'सहा एच' पेन्सिल, आणि एकेक दगड. एवढा वेळ द्यायला हल्ली कुणी तयार नसतं, आणि मग अहवालात चुका होतात.

या भिंतीत कमानी आहेत, दगडांनी बुजवलेल्या. बाराव्या-तेराव्या शतकात माणसं वाढली तशा चर्चला दोन्ही बाजूंनी पडव्या काढल्या. या कमानींतून पडवीत जायचं. पुढे १३४९ची महामारी आली, जमीनदारांना शेतकऱ्यांपेक्षा मेंढ्या परवडू लागल्या, आणि १५०० च्या सुमारास गाव जवळजवळ रिकामं झालं. पडव्या पाडल्या, कमानी चिणल्या. आमच्या अहवालाच्या मसुद्यात यावर एकच वाक्य होतं: 'चर्चला उतरती कळा लागली.'

दुपारी एका कमानीच्या खांद्यापाशी माझं बोट थांबलं. भरावाचा दगड कमानीच्या वळणाला चिकटून बसावा म्हणून त्याचा कोपरा गोलसर घडवला होता. तिथे चुना आणि चार खापऱ्या कोंबून भागलं असतं. पण कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं होतं. मी तो एक दगड तीनदा काढला.

आमच्या गावच्या वाड्यात माणसं कमी झाली तेव्हा आजोबांनी मागचा सोपा उतरवला आणि उरलेल्या घराला नीट भिंत घातली. त्याला घर मोडणं म्हणत नाहीत, सावरणं म्हणतात. इथंही तेच झालंय. गाव गेल्यावरही आसपासच्या वस्त्यांतली माणसं प्रार्थनेला इथेच चालत येत राहिली. शेजारच्या थिक्सेनडेल गावाला स्वतःचं चर्च मिळालं ते १८७० साली. इथली शेवटची प्रार्थना १९४९ची. म्हणजे ज्याला आम्ही 'उतरती कळा' म्हणतो, ती साडेचारशे वर्षं चालली!

साहेबांना दगड दाखवला. ते म्हणाले, "छान निरीक्षण आहे, पण वाक्य राहू दे." ते वाक्य तसंच गेलं. मला ते अजून खुपतं.

इथल्या उत्खननात जवळजवळ सातशे सांगाडे निघाले, त्यांच्या हाडांवरून मुलं किती महिने अंगावर पीत होती हेसुद्धा कळलं. पण तो कोपरा घडवणारा गवंडी कुठला? गाव तर तेव्हा ओस पडत होतं. थिक्सेनडेलहून येत असेल, तर छिन्नी-हातोडा घेऊन रोज टेकाड ओलांडत होता. त्याला मजुरी कोण देत असेल, किती माणसांनी मिळून?