कड कुठपर्यंत काळी?

वाचनालयातलं पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ नंतर बघावं, आधी ते आडवं धरून पानांची कड बघावी. पाठीच्या समोरची, जिथून आपण पानं उलटतो ती. दहा-पंधरा वर्षं घरोघरी फिरलेल्या पुस्तकाची कड बोटांच्या घामाने काळवंडते, पण सगळीकडे सारखी नाही. जिथपर्यंत लोकांनी वाचलं तिथपर्यंत करडी, पुढे गोरी. कागद स्वस्तातला असेल तर सगळंच पिवळं पडतं आणि फसगत होते. अशा वेळी खालचा कोपरा बघायचा, अंगठा तिथे लागतो.

ठाण्यात वाचनालयांची उणीव नाही. मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ सालचं. एखाद्या रिकाम्या दुपारी तलावपाळीला वळसा घालून कुठल्याही वाचनालयात शिरावं आणि कोर्टकचेरीच्या थरारक कादंबऱ्यांचं कपाट गाठावं. लेखकाचं पहिलं पुस्तक शेवटापर्यंत एकसारखं मळलेलं, बांधणी ढिली, पाठीला कापडी पट्टी. शेजारी त्याचंच दुसरं पुस्तक असतं. पहिला एक तृतीयांश भाग करडा, मग एकदम पांढरं आणि शेवटची दहा-बारा पानं पुन्हा काळी. मधला सगळा पुरावा वगळून थेट निकालपत्र!

तोंडी अभिप्राय विचारला तर प्रत्येक जण सांगतो, "पहिल्यासारखी मजा नाही." न वाचलेलाही हेच सांगतो. म्हणून तोंडी अभिप्रायाला मी ऐकीव पुराव्याइतकीच किंमत देतो. कड खोटं बोलत नाही आणि पांढरं कुठे सुरू झालं ते पान उघडलं की कारणही बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

स्कॉट टुरोचंच घ्या. आठ वर्षं शिकागोत केंद्र सरकारतर्फे फौजदारी खटले चालवलेला हा वकील. त्याचं 'प्रिझ्युम्ड इनोसंट' १९८७ साली आलं, आणि त्यातलं बरंचसं त्याने सकाळी कामावर जाताना लोकलमध्ये लिहिलं. ठाण्याहून सीएसएमटी गाठणाऱ्याला हे वाचून लेखकाबद्दल आदर वाटण्याआधी तिथल्या गर्दीबद्दल शंका येते. आपल्याकडे पेनाचं टोपण काढायचं तर आधी शेजाऱ्याला "जरा कोपर" म्हणावं लागतं.

दुसरं पुस्तक, 'द बर्डन ऑफ प्रूफ', १९९० साली आलं. थोरल्या जावेच्या पाठोपाठ उंबरा ओलांडणाऱ्या धाकटीचं जे होतं ते त्याचं झालं. पहिल्यात आरोपी रस्टी स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगतो, त्यामुळे तो खरं सांगतोय की नाही ही रुखरुख पानापानावर. दुसऱ्यात तो जवळजवळ गायब. मध्यभागी येतो त्याचा वकील, सँडी स्टर्न. पन्नाशी ओलांडलेला, सभ्य, हळू बोलणारा. सुरुवातीलाच त्याच्या बायकोची आत्महत्या. मग बहिणीच्या नवऱ्याची वायदेबाजारातली दलाली पेढी आणि तिच्यामागे लागलेली ग्रँड ज्युरी. गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर बाजारात पोचायच्या आत स्वतःची छोटी ऑर्डर पुढे सरकवायची, भाव हलला की नफा खिशात, हा त्यातला गुन्हा. दलाल स्ट्रीटवर नोकरी केलेल्या माणसाला इथे गुदगुल्या होतात. बाकीच्यांची पानं इथून पांढरी पडतात.

"कोर्ट कुठाय यात?" हा आक्षेप अगदी रास्त आहे. अमेरिकेतली केंद्रीय ग्रँड ज्युरी म्हणजे १६ ते २३ नागरिक बंद खोलीत बसून खटला भरायचा की नाही ते ठरवतात. न्यायाधीश आत नसतो. संशयिताचा वकीलही नसतो. साक्षीदाराला सल्ला हवा असेल तर त्याने उठून बाहेर यायचं, दारात उभ्या असलेल्या आपल्या वकिलाशी कुजबुजायचं आणि पुन्हा आत जायचं. बारा जणांचं एकमत झालं की आरोप दाखल. ज्याने पहिलं पुस्तक उलटतपासणीसाठी वाचलं, तो इथे उलटतपासणी शोधत बसतो, आणि ती या टप्प्यावर असूच शकत नाही. लेखकाचा दोष एवढाच की त्याने खरं लिहिलं.

उलटतपासणीची ही भूक आपल्याकडे जरा जास्तच, आणि त्याला कारण आहे. कोर्ट नाक्यावर एखादा खटला बसून ऐकलेल्याला ते ठाऊक असतं. प्रश्न-उत्तरांची जुगलबंदी कितीही रंगो, कागदावर ती तशी उतरत नाही. आपल्या फौजदारी कायद्याप्रमाणे साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवली जाते. साहेब ऐकतात आणि स्टेनोला सांगतात. वकिलाने दहा मिनिटं गोल गोल फिरवून साक्षीदाराला कोपऱ्यात घेतलेलं असतं, आणि नकलेत मिळते एकच ओळ, "हे म्हणणे खरे नाही की मी त्या रात्री घटनास्थळी हजर नव्हतो." मग पुढची तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. साक्षीदाराचा घाम, त्याने घेतलेला अर्धा मिनिट, सरकारी वकिलाने घाईने उलटलेली फाईल, यातलं फारच थोडं रेकॉर्डवर येतं. कागदाने गिळलेली ती दुपार कादंबरी परत देते. म्हणून दुसऱ्या पुस्तकात लेखक कोर्टाबाहेर पडला की वाचक खवळतो.

वकील वाचक मात्र वेगळ्याच गोष्टींवर खवळतात. न्यायाधीशाने हातोडा आपटला की ते पुस्तक मिटतात, कारण आपल्या कोर्टात हातोडा नसतो. पोलिसांपुढच्या कबुलीवर शिक्षा झाली की हसतात. कबुली नाही चालत, तिच्यामुळे जे हत्यार सापडलं तेवढ्यापुरताच भाग चालतो. अलीकडे त्यांना नवं खाद्य मिळालंय. १ जुलै २०२४ पासून खुनाचं भारतीय दंड संहितेतलं कलम ३०२ जाऊन भारतीय न्याय संहितेतलं १०३ आलं, पण खून जूनमध्ये झाला असेल आणि फिर्याद जुलैत दाखल झाली असेल, तर कलम जुनं आणि पुढची कार्यपद्धती नवी. हा सांधा भल्याभल्यांचा निसटतो. पहिल्या पुस्तकात अशी चूक असली तरी कौतुकाच्या भरात खपते. दुसऱ्यात पेन्सिल बाहेर येते.

पेन्सिलवाल्यांचेही प्रकार असतात. एक समासात फक्त उद्गारचिन्ह काढतो. दुसरा मुद्रणदोष सुधारतो आणि ऱ्हस्व-दीर्घावर लेखकाशी भांडतो. "पान १४० वर हा साक्षीदार डावखुरा होता" असं पान २९० वर लिहून ठेवणारा खरा समीक्षक. आणि शेवटचा, समाजकंटक, जो पहिल्याच कोऱ्या पानावर खुन्याचं नाव लिहितो. त्याला पुस्तक देणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे.

जॉन ग्रिशमच्या बाबतीत मात्र कडेचा हा सगळा हिशेब उलटा होतो. त्याचं पहिलं, 'अ टाइम टू किल', १९८९ साली ५,००० प्रतींचं निघालं आणि त्यातल्या हजार त्याने स्वतःच विकत घेतल्या. दुसरं, 'द फर्म', छापून यायच्या आधीच सिनेमाचे हक्क सहा लाख डॉलरला गेले आणि १९९१ साली जग त्याच्यावर तुटून पडलं. गंमत म्हणजे त्यात कोर्ट जवळजवळ नाहीच! मेम्फिसमधली कर-सल्ला देणारी पेढी, नवा कोरा वकील आणि चोरून काढलेल्या कागदांच्या ढिगानं ढीग फोटोकॉपी. तरी कड शेवटापर्यंत काळी, कारण माणूस पळतोय आणि मागे कुणीतरी लागलंय. उलटतपासणी नसली तरी चालते, धाक लागतो. टुरोच्या दुसऱ्या पुस्तकात दुःख आहे, धाक कमी आहे. मला ते दुःखच जास्त आवडतं, पण माझ्यासारख्यांच्या बोटांनी कड काळी होत नाही.

'द फर्म'ची एक तक्रार ठरलेली असते, "शेवट चुकीचा छापलाय." ही तक्रार १९९३ चा सिनेमा आधी पाहिलेल्यांची. पडद्यावर नायक पेढीला फुगवलेल्या बिलांत अडकवतो. अशी बिलं टपालाने पाठवणं हा तिथे केंद्रीय गुन्हा. पुस्तकात तो पैसे घेऊन कॅरिबियन समुद्रात निघून जातो. नीतीचा प्रश्न मग बरेच दिवस चघळला जातो, विशेषतः निवृत्त बँक अधिकाऱ्यांत. दुसरं खपल्यावर पहिलं नव्याने छापलं गेलं आणि ते वाचून वाचक म्हणाले, पहिलंच चांगलं होतं.

टुरोने रस्टीला परत आणलं ते २०१० साली, 'इनोसंट'मध्ये. तोवर रस्टी न्यायाधीश झालेला, आणि पुन्हा आरोपी. लोकांना हवं होतं ते दुसरं पुस्तक हेच, फक्त तेवीस वर्षं उशिरा आलं. तेव्हा तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पहिल्यातला खुनी कोण हेच आठवेना. अशा वेळी पहिल्या कोऱ्या पानावर नाव लिहून ठेवणाऱ्याचे मनातल्या मनात आभार मानायचे, आणि पुस्तक घरी न्यायचं.